नोटेवरचे आणि रस्त्यावरचे

सर्बिया म्हटलं की आपल्याला आठवतो नोव्हाक जोकोविच. २४ ग्रँड स्लॅम, विषय संपला! फार तर कुणी निकोला टेस्लाचं नाव घेईल, तेही इलेक्ट्रिक गाडीमुळे. पण या देशाला कोणाचा अभिमान वाटतो, हे बघायचं तर तिथल्या नोटा बघा.

१०० दिनारच्या नोटेवर टेस्ला आहेच. १० दिनारवर आहे वूक कारादजिच. खेड्यातला हा माणूस म्हणाला, शेतकरी बोलतात तीच खरी सर्बियन भाषा, आणि लिहायचंही तसंच. एका ध्वनीला एकच अक्षर. १८१८ मध्ये व्हिएन्नात त्याचा शब्दकोश छापला गेला, तेव्हा चर्च खवळलं आणि सत्तेचीही खप्पा मर्जी झाली. त्याची लिपी सर्बियात पूर्णपणे मान्य झाली १८६८ मध्ये. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

२०० दिनारवर नादेज्दा पेत्रोविच. तिचे भडक रंग तेव्हाच्या बेलग्रेडला पचले नाहीत. पहिल्या महायुद्धात ती नर्स म्हणून राबली आणि १९१५ मध्ये टायफसने गेली. २००० दिनारवर मिलुतिन मिलांकोविच. १९१४ मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याला पकडलं. पठ्ठ्या कोठडीतही गणितं मांडत बसला. पृथ्वीच्या भ्रमणातल्या बारीक बदलांमुळे हिमयुगं येतात-जातात, हा त्याचा सिद्धांत. समुद्रतळाच्या गाळातून त्याला भक्कम पुरावा मिळाला १९७६ मध्ये. मिलांकोविच १९५८ मध्येच वारला होता.

म्हणजे हयातीत ज्यांचं कुणी धड ऐकलं नाही, तेच नंतर नोटेवर आले. पण नुसता चेहरा छापून भागत नाही. १९९३ मध्ये तिथे महागाई इतकी भडकली की ५०० अब्ज दिनारची एकच नोट काढावी लागली. तिच्यावर चेहरा होता लाडका कवी झ्माय याचा. कवी थोर, नोट कवडीमोल!

आता अलीकडचं. १ नोव्हेंबर २०२४ ला नोवी साद शहरात नुकतंच नूतनीकरण झालेल्या रेल्वे स्टेशनचं छत कोसळलं. १६ जण गेले. यामागे भ्रष्टाचार आहे, असं म्हणत कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली. दर मृतामागे एक मिनिट, असं मूक उभं राहायची. वर्ग बंद पडले, विद्यापीठं ठप्प झाली. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. जोकोविचने या मुलांना उघड पाठिंबा दिला. मग सरकारची तळी उचलणाऱ्या काही वर्तमानपत्रांनी, कालपर्यंत ज्याला डोक्यावर घेतलं त्यालाच झोडपलं.

वूकच्या काळात जे झालं तेच हे. मेलेल्या बंडखोराचा सन्मान करायला काहीच पडत नाही. तो आता कुणाला प्रश्न विचारत नाही. कस लागतो तो जिवंत माणूस अडचणीचं बोलतो तेव्हा. एखाद्या देशाने किती मोठी माणसं दिली, हे जीकेच्या पेपरात जरूर लिहा. पण ती बोलत होती तेव्हा देशाने त्यांचं काय केलं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. तुमच्या वर्गात एखादी मुलगी उठून नकोसा प्रश्न विचारते, तेव्हा बाकीचे हसतात की ऐकतात, तिथूनच तो सुरू होतो.