वजन कमी, तरी डोळ्यांना धोका? मधुमेह, पोटाची चरबी आणि डोळ्याचा पडदा

लठ्ठपणावर सध्या देशभर चर्चा आहे. जानेवारी 2025 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची नवी व्याख्या मांडली. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात आली. या चर्चेत एक रुग्ण मात्र मागे पडतो, तो म्हणजे दिसायला सडपातळ असलेला मधुमेही.

पुण्यातले जुने निरीक्षण

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3 होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. वजनकाटा सारखाच, पण आतली चरबी दुपटीहून जास्त!

याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो होते. आपली बाळे हाडा-मांसाने बारीक, पण त्या मानाने चरबी टिकून असलेली होती.

नव्या व्याख्येत पोटाच्या घेराला महत्त्व दिले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ती सुरू होते बीएमआय 23 च्या पुढे. म्हणजे 22.3 असलेला माणूस त्यात बसतच नाही.

चरबीचा डोळ्याशी काय संबंध?

पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर, रक्तदाब व रक्तातील चरबी वाढते. डोळ्याच्या पडद्यातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या यामुळे कमकुवत होतात, झिरपतात, काही बंद पडतात. यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

पण जितके वजन जास्त तितका डोळ्याला धोका जास्त, असे सरळ गणित नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या आणि सिंगापूरच्या अभ्यासांत जास्त बीएमआय असलेल्यांमध्ये रेटिनोपॅथी कमी आढळली. स्त्रियांमध्ये मात्र पोटाचा घेर वाढलेला असेल तर ती जास्त दिसली.

याचा अर्थ वजन वाढवल्याने डोळे वाचतात असा नाही. मधुमेह जुना आणि साखर अनियंत्रित असेल तर वजन आपोआप घटते, आणि नेमक्या अशाच रुग्णांचा पडदा जास्त खराब होतो. वजन उतरणे ही तिथे सुधारणा नसून धोक्याची खूण असते.

गुंजवण्यासारख्या गावात हे का महत्त्वाचे?

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवण्यात शेतीची कामे आणि चढ-उताराची चाल रोजचीच. अंग काटक दिसते आणि "मला कसली साखर?" असा समज होतो. निदान उशिरा झाले, की पडद्याचे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असू शकते. सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही कमी होत नाही.

आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. बीएमआयनुसार लठ्ठ 28.6 टक्के, पण पोट सुटलेले 39.5 टक्के. वजनकाट्यातून निसटणारे लोक याच फरकात आहेत.

आशाताई तिशीपुढील व्यक्तींची माहिती ज्या तक्त्यात भरतात, त्यात कमरेचा घेर आहे. म्हणजे टेप गावापर्यंत पोहोचली आहे. साखर सापडल्यावर पडद्याची तपासणीही तितक्याच नेमाने व्हायला हवी. त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागू नये. पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी आला, तर बरीच दृष्टी वाचेल.

इंजेक्शन घेण्याआधी

वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2016 च्या एका मोठ्या चाचणीत मधुमेही रुग्णांमध्ये रेटिनोपॅथीची गुंतागुंत 3 टक्के, तर औषध न घेणाऱ्यांत 1.8 टक्के दिसली. साखर झपाट्याने उतरणे हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. म्हणून औषध टाळायचे असे नाही, पण मधुमेह असेल तर आधी पडदा तपासून घ्यावा.

तुम्ही काय कराल?

- सर्वात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून घेर मोजा. पुरुषांत 90 सेंमी, स्त्रियांत 80 सेंमी किंवा जास्त असेल, तर वजन कमी असले तरी साखर तपासा.
- टाइप 2 मधुमेहाचे निदान होताच आणि नंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.
- बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते. सोबत कोणाला तरी न्या, दुचाकी चालवू नका.
- काळे ठिपके, पडदा आल्यासारखे वाटणे किंवा अचानक कमी दिसणे, यात एक दिवसही थांबू नका.
- प्रयत्न न करता वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.