बाळाचा पहिला नाताळ



25 डिसेंबर म्हटले की आपल्या घरात महाड आठवते. 1927 साली याच तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे मनुस्मृती जाळली गेली. आमच्या विहारात त्या दिवशी सकाळी कार्यक्रम असतो. पण आमची पिंपरीतली चाळ अशी की भिंतीला भिंत लागून तीन घरे ख्रिस्ती. सगळी नगर जिल्ह्यातली. (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण बोलताना चाळीत अजून नगरच.) म्हणून त्या तारखेला सकाळ विहारात आणि संध्याकाळ शेजारी करंज्या खाण्यात, अशी आमची कैक वर्षांची रीत आहे. आज त्यातल्याच एका घरची हकीगत सांगते. जिची हकीगत आहे तिने "लिहा ताई, पण नाव नको" असे सांगून परवानगी दिली आहे.

ही 2023 सालची गोष्ट. शेजारच्या मावशींच्या सुनेला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. सिझर झाले. बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचे. अडीच किलोच्या खाली वजन म्हणजे जपावे लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सुनेची आई ती लहान असतानाच वारली, तेव्हा बाळंतपणाला माहेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा चाकणला कंत्राटी कामावर, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. मावशींनी सगळे केले. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, काही कमी पडू दिले नाही. त्यांना मी नावे ठेवणार नाही, आणि हकीगत वाचून तुम्हीही ठेवू नका.

पहिली नात, म्हणून नाताळही पहिला. मावशींच्या अंगात उत्साह संचारला. नाताळच्याच दिवशी चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा करायचा, मग चाळीस माणसांचे जेवण, नगरहून नणंदा, दीर, चुलत सासरे. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळचा फराळ आपल्या दिवाळीसारखाच असतो, हे शहरातल्या पुष्कळांना माहीत नसते. करंजी, चकली, शेव, अनारसे, शंकरपाळे. केक असतो, पण तो मागाहून आलेला पाहुणा. त्यांची भजनेही टाळ-ढोलकीवरची. रेव्हरंड टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजने रचली, ती आजही त्या घरांतून म्हटली जातात. तर असा सगळा घाट. बाळासाठी लाल मखमली झगा आणला, तोही सहा महिन्यांच्या मापाचा, कारण दुकानदाराकडे तोच होता.

आणि सून? सून दिवसभर 'हो आई' म्हणायची. पीठ मळायची, दर दोन तासांनी बाळाला पाजायला उठायची, परत येऊन पोळपाटाशी बसायची. ओटीपोटावरचा टाका ओढतो म्हणून एका कुशीवर कलून बसलेली मी तिला पाहिली आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या दहाव्या आठवड्याच्या लसी आल्या. मावशी म्हणाल्या, "ताप येईल पोरीला. नाताळ झाल्यावर देऊ, काय आठ-दहा दिवसांनी बिघडतंय." असे आपल्याकडेही जयंतीच्या वेळी, लग्नाच्या वेळी सर्रास म्हटले जाते. पण या पेंटाव्हॅलंट लसीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांपासून संरक्षण असते. आणि सणाला येणारे चाळीस पाहुणे खोकत-शिंकतच येणार. लस लांबवायची तर ती नेमकी अशाच वेळी लांबवू नये. आशाताई घरी येऊन बसली तेव्हा कुठे मावशी तयार झाल्या. ताप आला, एका दिवसात उतरला.

त्याच आठवड्यात एका रात्री अकराच्या सुमाराला चर्चची तरुण मंडळी गाणी म्हणत चाळीत आली. ढोलकी, टाळ, हार्मोनियम. आम्ही सगळे दारात. बाळ दचकून उठले आणि जे रडायला लागले ते थांबेना. सुनेने त्याला माझ्या हातात दिले आणि अगदी हळू, जणू भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "ताई, मला हिला बघून काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात किती आनंद झाला असेल. मला वाटतं मी झोपावं आणि उठूच नये."

आता मी काय केले ते ऐका. मी म्हणाले, "अगं सगळ्यांनाच होतं तसं. तिच्या तोंडाकडे बघ, सगळं विसरशील." आणि बाळाला खेळवत राहिले. इतकी वर्षे हे सदर लिहिते, बायकांना चार गोष्टी सांगते, आणि माझ्या तोंडून हे निघाले. ती गप्प झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'उठूच नये' हा शब्द कानात राहिला.

सकाळी मी आशाताईला गाठले. ती दुपारी आली, बाळाचे वजन करण्याच्या निमित्ताने. मावशींना चहा टाकायला सांगून तिने सुनेला साधे प्रश्न विचारले. बाळ झोपते तेव्हा तुला झोप लागते का? जेवण जाते का? हसू येते का कशाचे? किती दिवस झाले असे? जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला मला धीर झाला नसता. मला वाटले असते की विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल. आशाताई म्हणाली, तसे होत नाही. उलट विचारले की बाई सुटते. आणि खरोखरच ती सुटली. अर्धा तास रडली.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत बहुधा आपोआप निवळते. पण ते दोन आठवड्यांच्या पुढे गेले, झोप-भूक गेली, बाळाविषयी माया वाटेना, जगणे नकोसे वाटले, तर तो आजार आहे. त्याला बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे विकसनशील देशांत बाळंत झालेल्या साधारण पाच बायकांमागे एकीला मनाचा आजार होतो, आणि त्यात मुख्यतः नैराश्यच असते. म्हणजे तुमच्या गल्लीत यंदा पाच पाळणे हलले असतील तर मोजा. हा बाहेरचा वारा नव्हे, नाटक नव्हे, 'आजकालच्या पोरींची थेरं' तर नव्हेच. याला उपचार आहे. समुपदेशन आहे. गरज पडली तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशा गोळ्या डॉक्टर देतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून द्यायच्या नाहीत. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-बेरात्रीही. हा नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा. मात्र बाई जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर फोनवर भागवू नका, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिलाही त्याच दिवशी नेले. मी बरोबर गेले. मावशींना घरी आल्यावर सांगावे लागले. मला वाटले, भांडण होणार. त्या बराच वेळ चकलीच्या सोऱ्याची पितळी जाळी कापडाने पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याच्या वेळी मी पण विहिरीच्या काठावर जाऊन बसले होते. दोनदा. सासू म्हणाली, झपाटलंय. मिरच्या उतरवल्या." एवढेच बोलल्या. पुढे त्याविषयी अक्षर नाही.

पण दुसऱ्या दिवशी स्वतः पाळकांकडे गेल्या आणि बाप्तिस्मा ईस्टरवर ढकलून आल्या. पाळकांनी एका शब्दाने अडवले नाही. नगरला फोन केला, "यंदा येऊ नका, बाळंतीण आजारी आहे." तिकडून एक नणंद रुसली, ती अजून थोडी रुसलेलीच आहे. असो. अनारसे रद्द. चकल्या आणि शेव बचत गटाच्या बायकांकडून विकत आणल्या. घरात फक्त करंज्या झाल्या आणि त्या लाटायला आम्ही बौद्धवाड्यातल्या चौघी बसलो होतो. (माझ्या करंज्या तळताना फुटल्या, हे मावशी अजून चारचौघांत सांगतात.) रात्रीचे एक पाजणे सुनेचे, नंतरचा रडण्याचा वेळ नवऱ्याचा, असे ठरले. नवऱ्याला पहिल्या दोन रात्री लंगोटही बांधता येईना. शिकला.

त्यांच्या घरात दरवर्षी पुठ्ठा आणि गवत लावून गव्हाणी करतात. फ्रान्सिस नावाच्या संताने इटलीतल्या ग्रेचो गावी 1223 साली असा देखावा प्रथम केला असे सांगतात, म्हणजे त्या वर्षी बरोबर आठशे वर्षे झाली होती. मातीची मेंढरे, राखणदार, ज्ञानी लोक, मध्ये आई आणि बाळ. बायबलमधली ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परगावी गेलेले जोडपे, उतारशाळेत जागा नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवले. मावशी गवत पसरता पसरता मला म्हणाल्या, "एवढे सगळे बाळाला बघायला आले. तिला कोणी भाकर दिली का, ते लिहिलेलं नाही बघा." मी काय बोलणार? मी मेंढरे लावत होते.

25 तारखेला मी विहारातला कार्यक्रम आटोपून लगेच परतले. मावशी आणि मुलगा उपासनेला चर्चमध्ये गेले होते. घरात सून आणि बाळ. बाळाचे पाजणे झाले होते. मी म्हणाले, "दे इकडे, आणि आडवी हो." ती दहाला झोपली ती दोन वाजता उठली. मध्ये एकदा बाळ जागे झाले, मी वाटी-चमच्याने तिने काढून ठेवलेले दूध पाजले. दारात कागदाचा तारा लटकत होता, आणि पलीकडच्या घरातून भजनाचा आवाज येत होता, पण ती हलली नाही. तिच्या डोळ्यांखालची कातडी मी त्या दिवशी पहिल्यांदा सैल पडलेली पाहिली.

संध्याकाळी चाळीतले लोक आले. त्या निमित्ताने दोन गोष्टी सांगून ठेवते, सण कोणताही असो. एका आजीबाईंनी बोटावर मध आणला होता, बाळाला चाटवायला. मधात कधी कधी असे जंतू असतात की जे वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. एक वर्षापर्यंत मध नको, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको. केकचे बोटही नको, पाणीही नको. आलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचे नाही आणि तोंडाचे मुके घ्यायचे नाहीत. बाळाची आई लाजते, म्हणून हे घरातल्या मोठ्या माणसाने सांगावे. आमच्याकडे मावशीच दारात साबण घेऊन उभ्या होत्या. रांगणारे मूल असेल तर शोभेच्या दिव्यांतली बटणासारखी चपटी बॅटरी त्याच्या हाती लागू देऊ नका. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. आणि राग मानू नका, पण आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे दोन-तीन महिन्यांची तान्ही बाळे घेऊन उभ्या राहिलेल्या आया मी दरवर्षी बघते. त्या बाळांच्या कानांचे काय होत असेल?

सुनेला बरे वाटायला वेळ लागला. फेब्रुवारीत एक दिवस ती नळावर कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसली, तेव्हा मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि हंडा तसाच ठेवून घरात निघून गेल्या. 31 मार्च 2024 ला, ईस्टरच्या दिवशी, बाप्तिस्मा झाला. पांढऱ्या कपड्यात. लाल मखमली झगा मुलीला पुढे जूनमध्ये बसला, ऐन उकाड्यात, म्हणून घातलाच नाही.

गेल्या नाताळला मी गेले तर मुलगी घरभर पळत होती आणि गव्हाणीतले एक मेंढरू तिने तोंडात घातले होते. सून चहा गाळता गाळता म्हणाली, "ताई, सगळ्यांकडे बाळाच्या पहिल्या नाताळाचा फोटो असतो. आमच्याकडे नाही." मी पिशवीतून मोबाईल काढला. त्या दुपारी साडेबाराला मी एक काढून ठेवला होता. दोघीही झोपलेल्या, आईचे तोंड उघडे, आणि खुंटीला तो लाल झगा, लेबलासकट.

"शी, कसं दिसतंय ते," ती म्हणाली. आणि मला तो पाठवायला सांगितला.