चिमुकल्या हातांची कामे

कर्जत-खालापूरकडील वाड्यांतील ठाकर-कातकरी मुले लहानपणीच ओढ्यातील खेकडे धरतात, रानभाज्या ओळखतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडतात. कर्जत-खोपोलीच्या बिऱ्हाडांत मात्र त्याच वयाच्या कित्येक मुलांच्या बुटांची नाडीही आईच बांधते. तिची माया खोटी नव्हे. तिला घाई असते, एवढेच. मूल तांब्या भरू लागले, की पाणी सांडणारच. अशा वेळी तांब्या काढून न घेता पुसावयाचे फडके त्याच्या हाती द्यावे आणि मोठ्यांनी थांबावे. हे थांबणेच कठीण!

परंतु कामाचे ओझे झाले, की त्यातील शिक्षण संपते. भावंड सांभाळण्यापायी जिची शाळा बुडते, त्या मुलीला स्वावलंबनाचे धडे कोणत्या तोंडाने द्यावे? आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांतही हीच अडचण होती. तेथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. तान्हे मूल पाळणाघरात निजले, की त्याची ताई शेजारच्या वर्गात पाटी घेऊन बसू शके.