शेवटच्या बोटीनंतरचा शेजार

शोदोशिमा हे जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातले बेट. दोन नगरे मिळून वस्ती सुमारे २५ हजार. पूल नाही. ताकामात्सूहून बोटीने तासभर लागतो आणि रात्रीची शेवटची बोट चुकली की मुक्काम ठरलेला. सोय सॉस, सोमेन नावाच्या बारीक शेवया आणि १९०८ पासून रुजलेले ऑलिव्ह यांवर बेटाचा संसार चालतो. तरुण शहरांकडे गेले; मागे राहिली म्हातारी माणसे आणि कुलूप लागलेली घरे. जपानच्या बहुतेक लहान बेटांची हीच गत आहे. म्हणून कुठे जहाजबांधणीला, कुठे कालवांच्या शेतीला, कुठे मासेमारीला आता इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपाईन्सचे हात लागतात.

अशा बेटावर परक्या माणसाची पहिली परीक्षा कचऱ्याची. जळणारा, प्लास्टिक, काच, डबे असे सगळे वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकलेली पिशवी उचललीच जात नाही, कारण लिहिलेली चिठ्ठी लागून ती तशीच पडून राहते आणि कोणाची ते सगळ्या आळीला कळते. मग येते कायरानबान, म्हणजे सूचनांची फाईल. ती वाचायची, सही करायची आणि शेजारच्या घरी पोचवायची. भाषा येत नाही म्हणून जो ती दाबून ठेवतो, तो पुढच्या दहा घरांची खोळंबा करतो. पण हीच फाईल घेऊन जो दारात उभा राहतो, त्याच्या हाती शेजारच्या आजीबाई मुळा नाही तर संत्री ठेवतात. भाषेच्या वर्गापेक्षा या फाईलने जास्त माणसे जोडली असतील.

मुस्लिम कामगाराची अडचण आणखी वेगळी. डुकराचे मांस ओळखता येते, पण मिरीन नावाची गोडसर दारू रश्श्यात असते, भाजीत असते, लोणच्यातही असते. सोय सॉस आंबताना थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, काही उत्पादक टिकण्यासाठी वरून घालतात. त्यावर आलिमांचे एकमत नाही. ज्या गावाच्या हवेतच सोय सॉसचा वास, तिथे रोज बाटलीवरचे बारीक अक्षर वाचत बसणे सोपे नव्हे. मग अंडी, मासे, भात आणि डाक-पार्सलने मागवलेले हलाल चिकन.

रमजानमध्ये अजान ऐकू येत नाही. संध्याकाळी नगरपालिकेच्या भोंग्यावर मुलांनी घरी जावे म्हणून एक धून वाजते, पण ती ठरलेल्या वेळी. सूर्यास्ताशी तिचा संबंध नाही. रोजा सोडायची वेळ मोबाईलच सांगतो. पाणीही न पिता माणूस दिवसभर कामावर उभा आहे, हे पाहून मुकादम घाबरतो. त्याला ते आधी नीट सांगितलेले असले की तो घाबरत नाही, हेही तितकेच खरे. ईदला सुट्टी नसते. जपानमधली पहिली मशीद १९३५ मध्ये कोबे शहरात उघडली, तिच्यासाठी वर्गणी देणाऱ्यांत हिंदुस्थानी व्यापारी होते. शोदोशिमाहून तिथे बोट जाते, तीन तासांहून अधिक वेळ घेते.

शरद ऋतूत उत्सव येतो. खांद्यावर घ्यायला तरुण हवेत, म्हणून परक्यालाही हाक जाते. पण देवाचा उत्सव आणि नंतर साके. तोंड लपवून खोलीत बसण्यापेक्षा काय करता येणार नाही ते स्पष्ट सांगावे, आणि आदल्या सकाळी गवत कापायला सगळ्यांच्या आधी हजर राहावे. शेजारधर्म त्यातही पाळला जातो.

शेजारी एवढे करतात, कायदा मात्र हात आखडतो. १९९३ पासूनच्या तांत्रिक प्रशिक्षण योजनेत कामगाराला शिकाऊ म्हणायचे, जास्तीत जास्त पाच वर्षे ठेवायचे. मालक बदलायची सोय जवळपास नाही, बायकामुले आणायची तर नाहीच. २०२४ मध्ये नवा कायदा झाला, २०२७ पासून तो लागू व्हायचा आहे. त्यात अटींसह मालक बदलता येईल. कुटुंबाला मुभा त्यातही नाही. शाळेतली मुले कमी झाली म्हणून हळहळणाऱ्या बेटावर ज्यांना मुले आहेत त्यांनाच एकटे बोलवायचे, हा हिशेब कोणता?

आणि मेल्यावर? जपानमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. मुस्लिमांना दफन हवे, पण त्यांच्या कबरस्तानांची संख्या फार कमी आहे. क्यूशूवरील हिजी गावातला दफनभूमीचा प्रस्ताव स्थानिक विरोधामुळे वर्षानुवर्षे अडकून पडला. भूजल बिघडेल ही गावकऱ्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी ती विचारायलाच हवी, आणि तिचे उत्तर जमिनीची, पाण्याची तपासणी करून द्यायला हवे. ते उत्तर देण्याचे काम मूठभर मुस्लिम रहिवाशांवर ढकलून सरकारला मोकळे होता येणार नाही. ज्या प्रांतांनी कामगार मागवले, त्यांनीच प्रत्येकी एक जागा शोधून द्यावी.