जिजाईची चप्पल

सालोमालो. नाव ऐकलंय? नसेल तर 'संत तुकाराम' बघा. १९३६चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. ब्लॅक अँड व्हाइट, ना आयटम साँग ना फॉरेन लोकेशन, तरी मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये नावाजला गेला. आपण मात्र त्याला 'आषाढीला टीव्हीवर लागणारा पिक्चर' करून टाकलंय.

सुरुवातच बघा. तुकाराम (विष्णुपंत पागनीस) विठ्ठलासमोर डोळे मिटून गातो. मग तेच पद सालोमालो गातो. ताना घेत, समोरच्यांची दाद बघत, आणि तुकारामाच्या नावाच्या जागी बिनधास्त स्वतःचं नाव घालून! कट-पेस्टचा शोध कॉम्प्युटरवाल्यांनी लावला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी खास.

हा माणूस नास्तिक वगैरे नाही हं. त्याचा मुक्काम देवळातच. त्याचं टेन्शन वेगळं आहे: ज्या मालावर त्याचं दुकान चालतं, तो माल तुकाराम गावाला फुकट वाटतोय. मग कारस्थानं सुरू होतात. रामेश्वरशास्त्रींपर्यंत तक्रार जाते आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायची वेळ येते.

पिक्चरमध्ये चमत्कार भरपूर आहेत, शेवटी विमानसुद्धा येतं. मला ते खटकत नाहीत. कारण एकाही चमत्काराचं रेटकार्ड नाही. शिवाजी महाराजांचा नजराणासुद्धा तुकाराम परत पाठवतो.

पण माझी हिरॉइन जिजाई. गौरीने काय काम केलंय! नवरा देवात रमलेला, घरात दाणा नाही, आणि ही एकटी हिशोब मांडतेय. पोरगं आजारी पडतं तेव्हा बाई चप्पल घेऊन थेट देवळात, विठ्ठलाला जाब विचारायला. १९३६ साली हा सीन थिएटरात चालला. आज काढून बघा, इंटरव्हलच्या आत कुणाच्या तरी भावना दुखावतील.

हे सगळं आठवायचं कारण, धुळ्याची माझी मावशी. मावशी म्हणजे अस्सल जिजाई. भरताची वांगी घेताना दोन रुपयांसाठी पंधरा मिनिटं भांडेल. मी जळगावला बँकेत आहे. तिच्या पासबुकात बारा रुपये कमी दिसले तर मला ऑफिस अवरमध्ये तीन फोन. आणि याच बाईने मावसभावाच्या नोकरीसाठी एका 'महाराजां'ना २१,००० रुपये दिले, एक प्रश्न न विचारता. नोकरी लागली नाही. तर म्हणे अनुष्ठान अर्धंच झालं, उरलेल्यासाठी पाटल्या मोडायच्या.

समजावून झालं. जादूटोणाविरोधी कायदा सांगितला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे आपल्या सरकारला अध्यादेश काढायला जाग आली आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. चमत्काराच्या नावाने पैसे उकळणं, फसवणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद. मावशी म्हणाली, "महाराज तसे नाहीत." चांगदेवाची गोष्ट काढली. तो तर आपलाच, मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आहे. वाघावर बसून मिरवणारा एवढा मोठा सिद्ध, शेवटी लहानग्या मुक्ताईपुढे नमला. मावशीने हात जोडले आणि विषय संपवला. गोष्टी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

म्हणून सेकंड सॅटर्डेला एरंडोल-पारोळा करत धुळे गाठलं आणि लॅपटॉपवर तिला पिक्चर लावून दिला. भाषण शून्य. मावशी पागनीसांना नमस्कार करत बघत होती. सालोमालो दिसला की तोंड वाकडं. जिजाई चप्पल घेऊन निघाली तेव्हा मात्र उठून बसली आणि एकदम अहिराणीत, "हाई बाई खरी शे!"

मी म्हटलं, "मावशी, ती देवाला विचारते. तू मधल्या माणसालाही विचारत नाहीस."

काही बोलली नाही. पोहे टाकायला आत गेली.

तीन दिवसांनी तिचा फोन, ऑफिस अवरमध्येच. महाराजांच्या सेवेकऱ्याला तिने आधीच्या २१,००० ची पावती मागितली होती. तो म्हणाला, दैवी कामाची पावती नसते.

"अगं, गणपतीची वर्गणी घेतात ती पोरंसुद्धा पावती फाडतात," मावशी फोनवर तापली होती. "यांना काय झालं?"

पाटल्या अजून कपाटात आहेत. किल्ली मावशीच्या कमरेला.