फुकट गाण्याचे पैसे कोण भरतो?

गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना घोरपडे जहागीरदारांचा आश्रय होता. आज हा भार जाहिरातदार किंवा वर्गणीदार उचलतो. फुकट ऐकणाऱ्याला मध्येच जाहिरात ऐकावी लागते; वर्गणी भरणाऱ्याची त्यातून सुटका होते. केवळ जाहिरातींवर सेवा चालवणे अवघड. 'गाना'ने २०२२ मध्ये फुकट सेवा बंद केली. वर्गणी भरली तरी पैसा थेट आवडत्या गायकाला जात नाही. सर्वांची रक्कम एकत्र करून ती एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. 'स्पॉटिफाय'वर तर २०२४ पासून वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच नाही. नवोदित मराठी गायक कोरडाच राहतो. श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या गायकांनाच मिळायला हवी. तोवर मैफलीचे तिकीट काढणे हाच थेट आश्रय.