एकाच दरवाजाचा गड

सातारा जिल्ह्यातल्या एका गडावर साहित्याच्या विद्यार्थ्यांचे मुक्कामी शिबिर ठरले होते. दिवसा गडदर्शन, सायंकाळी दुर्गसाहित्यावर व्याख्यान, रात्री शेकोटीभोवती काव्यवाचन, राहुट्यांत मुक्काम आणि सूर्योदय पाहून परत. परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : शारीरिकदृष्ट्या सक्षम विद्यार्थ्यांनीच नावे द्यावीत. ही ओळ लिहिणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मीच आहे.

सांगलीकडची, कुबड्या घेऊन चालणारी एक विद्यार्थिनी ते परिपत्रक घेऊन विभागात आली. तिने तक्रार केली नाही. तीनच प्रश्न विचारले. गाडी कुठपर्यंत जाते? तिथून पुढे पायऱ्या किती? रात्री शौचाला कुठे जायचे? आमच्यापैकी एकालाही यांतल्या एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही. तिला वगळण्याआधी आम्ही गड पाहिलाच नव्हता. पाहिल्या होत्या त्या फक्त तिच्या कुबड्या.

ती गेल्यावर एका सहकाऱ्यांनी व्युत्पत्तीचा आधार घेतला. ‘दुर्ग’ म्हणजेच जिथे जाणे कष्टाचे ते स्थळ. ते सुगम केले तर दुर्गपणच उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. साहित्याच्या प्राध्यापकांना व्युत्पत्तीने जिंकल्याचा आनंद फार लवकर होतो. पण प्रश्न असा की, दुर्ग दुर्गम असावा तो कुणाला? शत्रूला. गडावर राहणाऱ्या, राबणाऱ्या, धान्य आणि दारूगोळा वर नेणाऱ्या स्वकीयांना तो दुर्गम राहिला असता तर चार दिवस नांदला नसता. पालखी, मेणा, डोली ही साधने काही केवळ शोभेसाठी नव्हती. ज्याला चालवत नव्हते त्यालाही माणसांच्या खांद्यावरून वर जाता येत होते. अर्थात ही सोय मानमरातबाप्रमाणे मिळे, गरजेप्रमाणे नव्हे. तो दोष त्या काळाचा. आज गरज दिसत असूनही आपण सोय नाकारतो, हा दोष मात्र आपला आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्यातल्या दुर्गविषयक प्रकरणात अमात्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे : गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात, आणि नित्याच्या राबत्याला लागतील तेवढे वापरात ठेवून बाकीचे चिणून घ्यावेत. अमात्यांच्या डोळ्यांपुढे वेढा होता, अपंग माणूस नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही ज्या वास्तूत शिरण्याची एकच रीत आहे ती वास्तू सदोष, हा विचार आपल्याच परंपरेत तीनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. आमचे शिबिर असा एकाच दरवाजाचा गड होते. धडधाकट पाय हा त्याचा एकमेव दरवाजा.

दुसरे उदाहरण पाचाडचे. उतारवयात जिजाऊंना रायगडावरची थंड, वाऱ्याची हवा मानवेना, म्हणून पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा उभा राहिला. गडाची हवा अशीच असायची, सोसत नसेल तर तुमचे तुम्ही पाहा, असे कुणी म्हटले नाही. कुणी लगेच म्हणेल, मग अपंगांसाठीही पायथ्याशीच वेगळा कार्यक्रम ठेवू. हा चलाखपणा झाला. पाचाडचा मुक्काम त्यांच्या सोयीसाठी होता; जून १६७४ मधल्या राज्याभिषेकाच्या वेळी जिजाऊ गडावर होत्या. पायथा ही सोय असू शकते, पायरी दाखवून देण्याची जागा नव्हे.

आपल्याकडे अपंग माणूस आणि गड एकत्र येतात ते बहुधा बातमीत. एक पाय नसलेला तरुण कळसूबाईवर पोचला, अंध मुलांनी गड सर केला. त्या चढाईचा मला आदर आहे. पण या बातम्यांनी आपली एक सोय करून ठेवली आहे. ज्याने गड चढला तो जिद्दी. मग जो चढू शकला नाही त्याची जिद्द कमी पडली, असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो आणि आयोजक सुटतो. बाकीच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही जिद्दीचा दाखला मागितला नव्हता. त्यांनी फक्त शुल्क भरायचे होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ आमच्या ग्रंथालयात आहे. ते वाचून गहिवरणारे आम्हीच, आणि चाकाची खुर्ची घेऊन कुणी दारात आले तर कुठल्या दाराने आत घ्यायचे हे ठाऊक नसणारेही आम्हीच.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपण तत्पर असतो. अपंग म्हणावे की विकलांग की दिव्यांग, यावर आम्ही चर्चासत्रे घेतली. २०२२ साली राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. संज्ञा उजळली, दारातली पायरी होती तेवढीच राहिली. २०१६ च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होणे हा हक्क मानला आहे. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आमच्या परिपत्रकातली ती ओळ नुसती असंवेदनशील नव्हती, ती हक्क नाकारणारी होती.

राहता राहिला वारशाचा मुद्दा. प्राचीन पायऱ्या फोडून उतार करायचे काय, असे विचारले जाते. मुळीच नाही. पण शिबिराच्या एका रात्रीसाठी आपण गडावर राहुट्या, जनरेटर, ध्वनिवर्धक आणि आचाऱ्याच्या शेगड्या नेतो. हे सारे दुसऱ्या दिवशी उतरवता येते, तर लाकडी फळ्यांचा उतारही उतरवता येतो. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये चालता न येणाऱ्यांसाठी नवी लिफ्ट सुरू झाली. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. जुलै २०२५ मध्ये प्रतापगडासह बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जगाचा वारसा म्हणायचे आणि त्या जगातून काही माणसे वगळायची, हे जुळत नाही.

प्रत्येक गड प्रत्येकाला खुला व्हावा, असा माझा हट्ट नाही. वासोट्यावर चाकाची खुर्ची न्या, असे कुणी म्हणत नाही. शिबिराची जागा मात्र आपणच निवडतो. अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाजवळपर्यंत मोटार जाते, वर दूरचित्रवाणीचा मनोरा उभा आहे. लोखंडाचा मनोरा वर नेता आला, तर एक विद्यार्थिनी नेता येऊ नये? सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, बहादूरवाडीचा भुईकोट सपाटीवरच आहे. ज्या खात्याच्या ताब्यात गड असेल त्याची परवानगी घेताना सोयींचीही परवानगी मागता येते.

बाकीच्या गोष्टी तर किरकोळ आहेत. राहुट्यांचे ताण वाटेवर आडवे येऊ नयेत. अंधारात ते अंधालाच काय, डोळसालाही पाडतात. शौचाची जागा मुक्कामाजवळ, बसायला खुर्ची आणि धरायला आधार असलेली असावी. शेकोटीच्या मंद उजेडात कवीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून ऐकू न येणाऱ्यासाठी वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिवा असावा आणि कवितांच्या प्रती आधी हाती द्याव्यात. तटाचा घडीव दगड, दरवाजावरचे अणकुचीदार खिळे अंध विद्यार्थ्याला हाताने पाहू द्यावेत. डोलीची गरज असेल तर बसणाऱ्याला आधी विचारावे. न विचारता उचलणे ही मदत नव्हे. आणि गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती, शौचालय कुठे, हे परिपत्रकातच छापावे. मग यायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.

आमचे शिबिर ठरल्याप्रमाणे पार पडले. ती आली नाही. पुढे तिने दुर्गसाहित्यावर निबंध लिहिला, गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’वर त्यात चांगले विवेचन होते. गडावर एकदाही न गेलेल्या मुलीने तो लिहिला होता. परीक्षक मीच होतो. गुण भरपूर दिले, आणि दिल्यावर लक्षात आले की तिच्या तीन प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे अजूनही नाहीत. पुढचे परिपत्रक निघण्याआधी गडावर जाऊन पायऱ्या मोजून येणे, एवढे तरी आम्हा सक्षमांना जमायला हवे.